'कलर' या शब्दाची आवरणे

अमेरिकेतील यादवी युद्ध संपून वर्ष होत आले असताना, १८६६ च्या एप्रिल महिन्यात, तेथील काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्कांचा एक कायदा संमत केला. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना गोऱ्या नागरिकांच्या बरोबरीचे हक्क देणाऱ्या या कायद्याचे दुसरे कलम भाषेच्या अभ्यासकाने थांबून वाचावे असे आहे. त्यातील एका लांबलचक वाक्यात 'कलर' हा शब्द दोनदा आला आहे. कोणत्याही कायद्याच्या वा रूढीच्या 'कलर'खाली कुणाचे हक्क हिरावून घेणे हा गुन्हा होय, असे आधी म्हटले आहे. आणि एखाद्याच्या 'कलर'मुळे त्याला गोऱ्या माणसाहून वेगळी शिक्षा देणे हाही गुन्हाच, असे पुढे त्याच वाक्यात म्हटले आहे. पहिला 'कलर' कायद्याचा आहे, दुसरा कातडीचा. मसुदा लिहिणाऱ्या वकिलांना या पुनरुक्तीत काही चमत्कार वाटला असेल असे मुळीच नाही. दोन्ही अर्थ त्यांच्या रोजच्या भाषेतले होते. परंतु हे वाक्य मराठीत आणू पाहणाऱ्याला मात्र तेथेच अडखळावे लागते. 'कायद्याच्या मिषाने' आणि 'कातडीच्या रंगावरून' असे दोन वेगळे शब्दप्रयोग त्याला करावे लागतात. ते दोन्ही बिनचूक आहेत. पण इंग्रजीत जे एकाच शब्दाच्या पोटात नांदत होते ते मराठीत दोन घरांत विभागले जाते, आणि ते मुळात एकत्र का नांदत होते हा प्रश्न वाचकापुढे येतच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

'कलर' हा शब्द लॅटिन 'कोलोर'वरून, नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून, इंग्लंडात आला. लॅटिनमध्ये त्याचे जुने रूप 'कोलोस' असे होते. व्युत्पत्तिकार त्याचे मूळ एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधतात आणि त्या धातूचा अर्थ झाकणे, लपवणे असा देतात. या धातूची इतर संतती पाहिली म्हणजे नाते पटू लागते. लॅटिन 'सेलारे' म्हणजे लपवणे, 'सेल्ला' म्हणजे कोठी, 'ऑकल्टुस' म्हणजे गुप्त. जर्मानिक शाखेत याच कुळातून इंग्रजीचे 'हॉल', 'हेल्मेट' आणि नरकवाचक 'हेल' हे शब्द निघाले. नरक म्हणजे मुळात भूमीखाली झाकलेले स्थान. ग्रीक 'कालुप्तेइन' म्हणजे झाकणे, आणि त्याच्या उलट 'अपोकॅलिप्स' म्हणजे आवरण दूर होणे. संस्कृतातील 'शाला' आणि 'शरण' हे शब्दही अनेक विद्वान याच कुळात घालतात. म्हणजे मराठी मुलाची 'शाळा' आणि इंग्रज मुलाच्या पेटीतला 'कलर' हे दूरचे भाऊबंद ठरतात! व्युत्पत्तिशास्त्रात अशा मौजा पुष्कळ असतात. त्यांच्यावर फार मोठ्या सिद्धांताचा भार टाकू नये, हे खरे.

झाकण्यापासून रंगापर्यंतचा प्रवास अवघड नाही. वस्तूला वरून जे वेढून असते, तिच्या आतल्या द्रव्यावर जे पसरलेले दिसते, तो रंग. ग्रीकांची कल्पना याच्या अगदी जवळची आहे. त्यांचा 'ख्रोमा' हा शब्द 'ख्रोस' म्हणजे त्वचा, शरीराचा पृष्ठभाग, याच्याशी निगडित आहे. १७९७ मध्ये व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाने शोधलेल्या धातूला त्याच्या संयुगांच्या नाना रंगांवरून 'क्रोमियम' हे नाव मिळाले आणि १८८८ मध्ये पेशीतील रंग शोषून घेणाऱ्या सूत्रांना 'क्रोमोसोम' हे नाव मिळाले, तेव्हा ही ग्रीक त्वचा विज्ञानातही शिरली. रोमन काय आणि ग्रीक काय, दोघांनाही रंग म्हणजे प्रथम एक पापुद्रा वाटला.

नॉर्मन येण्यापूर्वी इंग्रजी भाषेकडे रंगासाठी स्वतःचे शब्द नव्हते असे नाही. 'ब्लेओ' हा एक होता, तो मावळला. दुसरा 'हीव', तो 'ह्यू' या रूपाने काव्यात आणि चित्रकारांच्या परिभाषेत अजून जगतो. या 'हीव'चा अर्थ रूप, दर्शन, रंग असा व्यापक होता. आणि त्यावरून झालेल्या 'हीवियन' या क्रियापदाचा अर्थ रूप धारण करणे असा होता, तसाच ढोंग करणे असाही होता. तेव्हा रंगाविषयीचा संशय केवळ लॅटिनने आणला, असे म्हणता येत नाही. तेराव्या शतकात 'कलर' इंग्रजीत दाखल झाला तो प्रथम माणसाच्या चेहऱ्याची कांती या अर्थाने. फुलाचा, कापडाचा, आकाशाचा रंग हा अर्थ थोड्या काळाने रूढ झाला. पुढे ज्या अर्थाने या शब्दाचा इतिहास काळवंडला, त्याचे बीज असे पहिल्याच पावलात होते. (शब्दाच्या लेखनाविषयी इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात जो वाद चालतो त्याला मी महत्त्व देत नाही. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाने एक रूप स्थिर केले, वेब्स्टरने १८०६ मध्ये त्यातले एक अक्षर गाळले. अर्थावर त्याचा काडीइतका परिणाम झाला नाही.)

या अर्थविस्तारात सर्वांत बोधप्रद प्रकरण मला वक्तृत्वशास्त्राचे वाटते. तत्त्ववेत्त्या सेनेकाचा पिता, तोही सेनेकाच, स्पेनमधील कोर्दोबाचा. उतारवयात त्याने आपल्या तीन मुलांसाठी रोममध्ये ऐकलेल्या वक्त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या. तरुणपणी आपण दोन हजार नावे ऐकून त्याच क्रमाने म्हणून दाखवत असू, असे हा गृहस्थ सांगतो. आपल्याकडील घनपाठी ब्राह्मणाला यात फारसे नवल वाटणार नाही. रोममध्ये वक्तृत्वाच्या शाळांत काल्पनिक खटले चालवण्याचा परिपाठ होता. सेनेका प्रत्येक खटल्याची नोंद तीन अंगांनी करतो : वक्त्यांची चमकदार वाक्ये, मुद्द्यांची विभागणी, आणि 'कोलोरेस' म्हणजे रंग. एक कुमारी चाच्यांच्या हाती सापडते, कुंटणखान्यात विकली जाते, शील राखून राहते, बळजबरी करू पाहणाऱ्या सैनिकाला ठार मारते, निर्दोष सुटते आणि देवीची पुजारीण होऊ इच्छिते. पुजारीण पवित्र असली पाहिजे, असा कायदा. आता घटना तर ठरलेल्या आहेत, त्यांत वक्त्याला फेरफार करता येत नाही. देवांनीच तिला सांभाळले असे म्हणावे, की जिथे ती राहिली ती जागाच तिला अपात्र ठरवते असे म्हणावे, एवढे मात्र त्याच्या हाती असते. निश्चित घटनांवर चढवलेला हा हेतूचा लेप म्हणजे 'कोलोर'. तो धडधडीत असत्य नसतो. सत्यावर पसरलेला असतो. मराठी वृत्तपत्रे एखाद्या प्रकरणाला 'राजकीय रंग दिला' असे लिहितात, तेव्हा ती नकळत रोमच्या या शाळेतलीच भाषा बोलत असतात.

मध्ययुगात या संज्ञेची धार बोथट झाली. 'वक्तृत्वाचे रंग' म्हणजे शब्दालंकार आणि अर्थालंकार, एवढाच अर्थ उरला. त्यांच्या याद्या करण्यात पंडितांची आयुष्ये गेली. आपल्या उत्तरकालीन अलंकारग्रंथांची आठवण येथे होणे साहजिक आहे. चॉसरने या याद्यांची जी गंमत केली तीहून चांगली टीका मला ठाऊक नाही. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधला खेडवळ जमीनदार, फ्रँकलिन, कथा सांगण्यापूर्वी विनयाने म्हणतो, की वक्तृत्वाचे रंग मला कळत नाहीत. मला ठाऊक आहेत ते कुरणात उगवणारे आणि रंगारी वापरतात ते. असे म्हणताना त्याने श्लेष साधला आहे, म्हणजे रंग नाकारता नाकारता एक रंग वापरलाच आहे. दोन शतकांनंतर, १५९७ मध्ये, बेकनने आपल्या निबंधांच्या पहिल्या आवृत्तीबरोबर बऱ्यावाइटाच्या 'रंगां'वर एक छोटे प्रकरण छापले. त्यात त्याने या शब्दाला पुन्हा त्याची धार दिली. बेकनचे रंग म्हणजे मनाला चटकन पटणारी, पण पारखून घ्यावी लागणारी अनुमाने. न्यायशास्त्र जाणणारा आपला वाचक त्यांना सरळ 'हेत्वाभास' म्हणेल. बेकन पेशाने वकील होता, हे येथे विसरू नये.

कारण हा शब्द खऱ्या अर्थाने मुरला तो न्यायालयात. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'रंग देणे' नावाची एक विलक्षण रीत होती. जमिनीवरील अतिक्रमणाच्या दाव्यात प्रतिवादीला आपला मालकी हक्क ज्यूरीपुढे न जाता न्यायाधीशापुढे मांडायचा असे. त्यासाठी तो वादीच्याच बाजूने एक खोटा, वरवर बरा दिसणारा, पण आतून पोकळ असा हक्क स्वतः कल्पून लिहीत असे. त्या कल्पित हक्कामुळे वाद तथ्याचा न राहता कायद्याचा होई आणि न्यायाधीशाच्या कक्षेत येई. प्रतिपक्षाला आपणच रंग द्यायचा आणि मग आपणच तो पुसायचा! १८५२ च्या कायद्याने ही रीत बंद केली. पण 'मालकीचा कलर', 'पदाचा कलर', 'कायद्याचा कलर' ही मंडळी न्यायाच्या भाषेत राहिली. त्यांतल्या प्रत्येकीत तीच कल्पना आहे : वरून हक्काचे रूप, आत हक्काचा अभाव.

भारतीय वाचकाला ही मंडळी अपरिचित नाहीत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ९९ व्या कलमात एक अपवाद होता. एखादा लोकसेवक आपल्या पदाच्या 'कलर'खाली सद्भावनेने वागत असेल, तर त्याची कृती कायद्याने काटेकोरपणे समर्थनीय नसली तरी, तिच्यापासून मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल तोवर, तिच्याविरुद्ध नागरिकाला स्वसंरक्षणाचा हक्क नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हा अपवाद आणि हा शब्दप्रयोग कायम ठेवला आहे. दंडसंहितेच्या हिंदी पाठात यासाठी 'पदाभास' असा शब्द योजला होता. भाषांतरकार म्हणून मला या शब्दाचे कौतुक वाटते, आणि त्याच्याविषयी एक तक्रारही आहे. 'आभास' हा 'भास्' धातूपासून, म्हणजे प्रकाशण्यापासून निघाला. लॅटिन शब्द जेथे वस्तू झाकून टाकत होता तेथे संस्कृत शब्द ती चमकवून दाखवतो. परिणाम एकच, की प्रेक्षक फसतो. पण झाकणाऱ्याच्या हाताची जी जाणीव 'कलर'मध्ये आहे ती 'आभासा'त उरत नाही. आभास आपोआप होतो. पांघरूण कुणीतरी घालावे लागते. १९५३ मध्ये गजपती नारायण देव यांच्या ओरिसा राज्याविरुद्धच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'कलरेबल' कायद्याची मीमांसा केली. विधिमंडळाला जो अधिकारच नाही तो त्याने दुसऱ्याच अधिकाराचे सोंग घेऊन वापरणे, असा तिचा आशय आहे. तेथेही प्रश्न झाकणाऱ्याच्या अधिकाराचाच आहे.

आता १८६६ च्या कलमाकडे पाहिले तर एक विरोध ध्यानात येतो. आपल्या दंडसंहितेत पदाचा 'कलर' अधिकाऱ्याला आसरा देतो. अमेरिकेच्या कलमात कायद्याचा 'कलर' अधिकाऱ्याला पकडण्यासाठी आहे. पकडण्याचे काम मात्र सोपे ठरले नाही. १९४३ च्या जानेवारीत जॉर्जिया राज्यातील बेकर परगण्याचा शेरीफ क्लॉड स्क्रूज याने रॉबर्ट हॉल या कृष्णवर्णीय तरुणाला टायर चोरल्याच्या आरोपावरून अटक केली आणि न्यायालयाच्या आवारात साथीदारांसह मरेपर्यंत मारले. त्याच्यावर याच जुन्या कलमाखाली खटला झाला. शेरीफच्या बाजूचा युक्तिवाद असा, की खून करण्याची परवानगी राज्याच्या कायद्यात नाही. मग तो कायद्याच्या 'कलर'खाली झाला असे कसे म्हणता येईल? १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. कायद्याचा 'कलर' म्हणजे कायद्याचे मिष, असा अर्थ न्यायमूर्ती डग्लस यांनी लावला. मिष म्हटले की आत कायदा नसणे हे गृहीतच आहे. अर्थ बरोबर लागला. पण दुसऱ्याच एका मुद्द्यावर, हक्क हिरावण्याचा हेतू ज्यूरीपुढे नीट मांडला गेला नाही म्हणून, खटला फेरसुनावणीला गेला. तेथे स्क्रूज निर्दोष सुटला आणि पुढे राज्याच्या सिनेटवर निवडूनही आला. शब्दार्थ आणि न्याय यांच्यातले अंतर किती असते, ते या एका प्रकरणावरून कळावे.

इतर क्षेत्रांतून हा शब्द कसा फिरला ते विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. सैन्यात 'कलर्स' म्हणजे पलटणीचे निशाण. समुद्रावर जहाजाचा ध्वज. शत्रूला फसवण्यासाठी परका ध्वज लावून जवळ यायचे आणि तोफा डागण्यापूर्वी आपला खरा ध्वज चढवायचा, ही तेथली रीत. म्हणून इंग्रजीत खरे 'कलर्स' दाखवणे म्हणजे खरे स्वरूप उघड करणे. आपल्याकडेही माणूस 'आपले रंग दाखवतो'. झाकणाऱ्या शब्दाने येथे उघडे करण्याचेही काम पत्करले. चौदाव्या शतकातील युरोपीय संगीतात पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरमालिकेला 'कोलोर' म्हणत. न्यूटनने १७०४ च्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात बजावले, की किरण स्वतः रंगीत नसतात. रंगाची संवेदना जागवण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. आणि १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मरे गेल-मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्क या मूलकणांच्या एका गुणाला 'कलर' हे नाव दिले. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचा काहीही संबंध नाही. हा 'कलर' एकटा कधीच हाती लागत नाही. ज्यांच्यात तो परस्परांनी पुसला जातो असे 'रंगहीन' संयोगच तेवढे सापडतात. नाव देणाऱ्यांच्या मनात लॅटिन धातू खचितच नसेल. पण या शब्दाला सुमारे दोन हजार वर्षांनी आपले लपण्याचे मूळ काम पुन्हा मिळाले.

माणसांच्या वाट्याला हा शब्द आला तो मात्र अशा खेळकरपणे नव्हे. चेहऱ्याची कांती हा त्याचा इंग्रजीतला पहिला अर्थ. गुलामांच्या व्यापाराबरोबर त्या अर्थाचे वर्गीकरण झाले. 'कलर्ड' हा शब्द उच्चारला की गोरा हा रंगहीन ठरतो आणि बाकीचे सारे जग रंगवलेले ठरते. ज्याचे आवरण कुणाच्या नजरेला दिसत नाही तोच मूळ माणूस, असा हा तर्क. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीत मताधिकारासंबंधी हा शब्द वंशाच्या शेजारी बसला. १८८१ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांनी 'कलर लाइन' याच मथळ्याचा निबंध लिहिला. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात या रेषेला विसाव्या शतकाचा प्रश्न म्हटले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेने 'कलर्ड' हा शब्द आपल्या नावातच घेतला. पुढे तो अपमानास्पद मानला जाऊन मागे पडला, तरी संघटनेच्या नावात तो राहिला आहे. त्याच्या जागी आज रूढ झालेला 'रंगाची माणसे' हा प्रयोगही जुनाच. अठराव्या शतकात फ्रेंच वसाहतींमधील स्वतंत्र मिश्र प्रजेला तसे म्हणत.

दक्षिण आफ्रिकेने तर या शब्दाला कारकुनी रूप दिले. खाणींतील कसबी कामे गोऱ्यांसाठी राखणारा १९२६ चा कायदा 'कलर बार' या नावाने ओळखला जाई. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा वर्ग लेखी ठरवला, आणि तेथे 'कलर्ड' म्हणजे ना गोरा ना काळा असा तिसराच वर्ग झाला. एखाद्याच्या वर्गाविषयी शंका आली तर त्याच्या केसांत पेन्सिल खोचून ती अडकते की घसरते ते पाहत. रंगाचा निकाल केसांवरून! हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला.

या सर्व व्यवहारासाठी मराठीने 'वर्णभेद', 'वर्णद्वेष' हे शब्द योजले; आणि माझी खरी अडचण येथे सुरू होते. 'वर्ण' हा 'कलर'चा नुसता पर्याय नाही, तो त्याचा जवळजवळ जुळा भाऊ आहे. यास्काने निरुक्तात 'वर्ण' शब्द 'वृ' म्हणजे झाकणे या धातूपासून व्युत्पादिला आहे. म्हणजे धातू वेगळा, पण कल्पना लॅटिनचीच : जो झाकतो तो रंग. पुढचा प्रवासही समांतर झाला. 'कोलोर'पासून वक्तृत्वाचे अलंकार झाले, तसे 'वर्ण'पासून 'वर्णन' झाले. वर्णन करणे म्हणजे मुळात रंगवणे. आणि शेवटी दोन्ही शब्द माणसांच्या प्रतवारीला जुंपले गेले. शिवाय 'वर्ण' म्हणजे अक्षरही. पण तो अर्थ येथे बाजूला ठेवू.

ऋग्वेदात 'आर्य वर्ण' आणि 'दास वर्ण' असे उल्लेख येतात. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांनी ते वाचले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या भाषेत 'कलर' या शब्दाचा ठळक अर्थ वंश हा झाला होता. त्यामुळे 'वर्ण' म्हणजे 'कलर', 'कलर' म्हणजे कातडी, आणि कातडी म्हणजे वंश, ही साखळी त्यांना स्वयंसिद्ध वाटली असावी. भाषांतराने इतिहास घडवल्याचे याहून मोठे उदाहरण मला आठवत नाही. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिझ्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची प्रतवारी लावली, ती याच साखळीची शेवटची कडी. मुंबई विद्यापीठाच्या घुर्ये यांनी १९३२ मध्ये तीच मापे तपासून दाखवले, की उत्तर हिंदुस्थानच्या पट्ट्याबाहेर हा मेळ बसत नाही. थॉमस ट्राउटमन यांनी १९९७ मध्ये या वंशवादी वाचनाचा वैदिक आधार किती तुटपुंजा आहे ते दाखवले. परंतु शब्दालाच हात घातला तो डॉ. आंबेडकरांनी. १९४६ च्या शूद्रांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्यांनी अवेस्तातील 'वरेन' हा सजातीय शब्द पुढे केला. त्याचा अर्थ श्रद्धा, स्वीकारलेले मत. 'वर्ण' म्हणजे मुळात विशिष्ट श्रद्धा मानणारा समूह, कातडीशी त्याचा संबंध नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संस्कृतात 'वृ' असे दोन धातू आहेत, एक झाकण्याचा आणि एक निवडण्याचा. 'आवरण' एकीकडे आणि 'वर' दुसरीकडे. यास्क पहिल्याकडे गेला, आंबेडकर दुसऱ्याकडे. ऋग्वेदात 'वर्ण' शब्द उषेच्या आणि प्रकाशाच्या रंगासाठीही येतो, त्यामुळे केवळ व्युत्पत्ती म्हणून यास्काची बाजू मला अधिक भक्कम वाटते. पण आंबेडकरांच्या आक्षेपाचा गाभा व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. रंगवाचक शब्द समूहवाचक झाला म्हणून तो समूह कातडीने ठरत होता असे होत नाही, आणि हा आक्षेप आजही अबाधित आहे. महाभारताच्या शांतिपर्वातच त्याचे प्राचीन रूप आहे. भृगू चार वर्णांचे चार रंग सांगतो, पांढरा, तांबडा, पिवळा, काळा. आणि भरद्वाज लगेच विचारतो, की रंगानेच वर्ण ठरत असतील तर सर्व वर्णांत सर्व रंगांची भेसळ दिसते, तिचे काय? भृगूचे चारही रंग कुणाच्या कातडीचे नव्हेत हे उघड आहे. पिवळा वैश्य आणि तांबडा क्षत्रिय कुणी पाहिला आहे?

म्हणून अमेरिकेतील वा आफ्रिकेतील अन्यायाला 'वर्णभेद' म्हणताना आपण काय करतो ते पाहिले पाहिजे. एका अर्थी हा शब्द फार मोलाचा आहे. तो मराठी वाचकाला सांगतो, की तिकडचे हे दुष्कृत्य तुझ्या घरातल्या शब्दानेच ओळखता येते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. या दोन्ही कृतींत दोन अन्याय जोडण्याचे धैर्य होते. पण त्यांनी अन्याय जोडला, कातडी जोडली नाही. 'वर्णभेद' हा शब्द मात्र वाचकाला नकळत त्या जुन्या साखळीकडे नेतो. तिकडचे पाप ते कातडीचे, आणि आपल्याकडे तर ब्राह्मणही काळा असतो व महारही गोरा असतो, तेव्हा आपल्याकडे ते पापच नाही, असे समाधान करून घ्यायला तो वाव देतो. सुशिक्षितांच्या बैठकींत मी हा युक्तिवाद अनेकदा ऐकला आहे. शब्दाचा हाही एक 'कलर'च.

आपल्या घटनाकारांनी या बाबतीत दाखवलेला नेमकेपणा पाहण्यासारखा आहे. १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमात धर्म, जन्मस्थान, कूळ किंवा 'कलर' यांवरून कोणत्याही हिंदी माणसाला कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवू नये, असे म्हटले होते. १९३५ च्या कायद्याच्या २९८ व्या कलमातही हीच यादी जवळपास त्याच क्रमाने आली. राज्यकर्ते गोरे आणि प्रजा काळी असताना 'कलर' हा शब्द तेथे असणे स्वाभाविकच होते. १९५० मध्ये अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी यादी आहे. 'कलर' तेथून गेला, जात आली. ज्या समाजाचा रोग लिहायचा होता त्याचे नाव 'वर्ण' असे मोघम न लिहिता 'जात' असे स्पष्ट लिहिले गेले.

मग मराठीत 'रंग' हाच शब्द वापरावा काय? त्याचा स्वभाव निराळा आहे. तो 'रञ्ज्' धातूचा : रंगात बुडणे, तांबडे होणे, आसक्त होणे. संस्कृतात 'राग' म्हणजे लाली आणि प्रीती. मराठीने आणि बंगालीने त्याच लालीचा क्रोध केला. मैफल रंगते, गोष्ट रंगते, खेळ रंगात येतो. तेथे झाकण्याची भावना अजिबात नसते. आपला रंग वस्तूवर पसरत नाही, तो सुतात मुरतो. 'रंगवून सांगणे' किंवा 'रंगसफेदी' अशा काही प्रयोगांत तो 'कलर'च्या जवळ येतो, नाही असे नाही. पण तेवढ्याने त्याची प्रकृती पालटत नाही. त्यामुळे 'रंगभेद' या शब्दात द्वेषाचे वजन पुरेसे उतरत नाही, अशी तक्रार होऊ शकते. मला ती मान्य आहे. तरीही ड्यू बॉइस यांच्या शब्दप्रयोगासाठी मी 'वर्णरेषा' न लिहिता 'रंगरेषा' लिहितो. वजन थोडे कमी पडले तरी चालेल. वाचकाला ती रेषा मनुस्मृतीत शोधायला पाठवणे बरे नव्हे.

१८६६ च्या कलमापुरते पाहता दुसऱ्या 'कलर'साठी 'कातडीच्या रंगावरून' हे शब्द मी कायम ठेवीन. पहिल्यासाठी मात्र 'मिष', 'आभास', 'बुरखा' हे सारे बाजूला ठेवून एक साधा घरगुती शब्द घ्यावा असे वाटते. आपण एखाद्याच्या दुष्कृत्यावर 'पांघरूण घालतो'. लॅटिन धातूचा अर्थ आणि कायद्याच्या परिभाषेचा अर्थ, दोन्ही या वाक्प्रचारात आहेत, आणि झाकणारा हातही त्यात दिसतो. 'कोणत्याही कायद्याचे वा रूढीचे पांघरूण घेऊन', असे त्या वाक्याचे पहिले शब्द मी लिहिले आहेत.